आईच्या साड्या कोणाकोणाला दिल्या

वर्तकनगर, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय क्षिप्रा,

आईचं कपाट मी रिकामं केलं. तू किती वर्षं मागे लागली होतीस. मे महिन्यात आलीस तेव्हाही त्याचं दार उघडून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, ह्यातल्या निम्म्या साड्या ती आता नेसणार नाही. वर्षभर हात लागला नाही की वस्तू देऊन टाकायची, सिंपल." मग एक साडी बाहेर काढलीस, तिचा वास घेतलास, आणि होती तिथे परत ठेवून दार लावलंस. आता दिल्या. कोणाला दिल्या ते तुला कळायला हवं म्हणून लिहायला बसलो आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी थांबतो, आणि थांबलो की पुढचं राहून जातं. हे शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

सुरुवात मी एकट्याने केली होती. वरच्या कप्प्यातल्या रेशमी साड्या काढल्या आणि पहिल्याच साडीची, आईच्या लग्नातल्या शालूची, घडी माझ्या हातात फाटली. तुला आठवत असेल, दिवाळी झाली की आई सगळ्या साड्या पलंगावर काढायची आणि प्रत्येकीची घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालायची. मला वाटायचं, तिला साड्या बघायच्या असतात. शेजारच्या हेमांगीने सांगितलं, घडी बदलली नाही की रेशीम त्याच रेघेवर झिजतं आणि एक दिवस तुटतं. गेली काही वर्षं ते काम झालेलं नव्हतं. आईच्या विसरण्याची सुरुवात बहुधा तिथे होती. आम्ही ती पुढे, आमटीत मीठ दोनदा पडायला लागल्यावर धरली.

सुट्टीच्या दिवशी हेमांगी मदतीला आली. दिवाणावर पांढरी चादर घातली आणि साड्या काढून ठेवल्या. आई खुर्चीत बसून बघत होती. ती चिडेल, ओढाओढी करेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ती उठली. चपला काढून बाजूला ठेवल्या, दिवाणाच्या कडेला मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "जरा बारीक काठाची दाखवा. शाळेत नेसायची आहे." हेमांगी माझ्याकडे बघायला लागली. मी एक सुती साडी उचलली, पदर उलगडून तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "ही बघा ताई." तिने दोन बोटांत पोत चोळून पाहिला. "रंग जाईल का हो?" मी म्हटलं, "नाही ताई, गॅरंटी आहे." "सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. हेमांगीला हसू आलं, तिने तोंडावर हात ठेवला.

मग सगळं कपाट तसंच निघालं. मी उलगडायची, तिने बघायची, नाक मुरडायचं. तुला माहीत आहे, साडीच्या दुकानात ती किती कडक असायची. गोखले रोडवरच्या दुकानदाराला ढीगभर साड्या काढायला लावून ती रिकाम्या हाताने उठायची आणि मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. तुझ्या बारशाची गुलाबी साडी तिने बघितलीसुद्धा नाही. नवरात्रातल्या रंगांच्या साड्या, ज्या नेसून शाळा सुटल्यावर तिथल्या सगळ्या बाई रिक्षा करून टेंभी नाक्याला देवी बघायला जायच्या, त्यांना ती म्हणाली, "एवढे भडक रंग कोण नेसतं हो?" शालू उघडला तेव्हा मी थोडा थांबलो. तिने काठ हातात घेतला, तोलून पाहिला. "बाई गं, केवढा जड. हा नेसून चालायचं कसं? ठेवा, ठेवा." ती नको म्हणाली की हेमांगी साडी घडी करून बाजूला ठेवायची. शेवटी तिने एक पसंत केली. करड्या रंगाची, पदराला विरलेली, घरात नेसायची ती. मी म्हटलं, "ताई, ही जुनी आहे." ती म्हणाली, "असू दे. मऊ आहे." मी तिच्या मांडीवर ठेवली. तिने आजूबाजूला पर्स शोधली. सापडली नाही तेव्हा जरा बावरली, मग म्हणाली, "पैसे आमचे हे देतील. येतीलच इतक्यात. कंपनी सुटली की तडक इकडेच येतात." मी म्हटलं, "सावकाश येऊ देत, ताई." हेमांगी स्वयंपाकघरात गेली होती. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

घरात पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून गाठोडी बांधून दाराबाहेर जिन्यापाशी ठेवली. ही माझी चूक. तळमजल्यावरच्या सरोजवहिनी गच्चीतले कपडे काढायला चालल्या होत्या. त्यांनी गाठोड्यांतून बाहेर आलेले काठ ओळखले. त्या वर गेल्याच नाहीत. खाली जाऊन साधी पांढरट साडी नेसून आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भावोजी, कधी झालं हो? इतकं परकं केलंत आम्हाला? एक हाक नाही मारलीत?" आणि रडायला लागल्या. अगदी मनापासून. काय झालं ते मला कळेपर्यंत आतून आई म्हणाली, "कोण आलंय? बसा म्हणावं, चहा ठेवते." वहिनींचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. त्या दारातच बसल्या, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घेतल्या. हेमांगी हसायला लागली, मग मीही. पण चहा झाल्यावर वहिनींनी मला फैलावर घेतलं. "तुम्ही पण कमाल करता हां, भावोजी. जित्या बाईचं कपाट कोणी असं उपसतं का? सवाष्ण आहे ती. ही तेराव्यानंतरची कामं." मी म्हटलं, आता तिला गाऊनच घालतो, साडी नेसवत नाही. "म्हणून काय झालं? बिल्डिंगमध्ये कोण घेणार आहे अशा साड्या? मी तर नाही बाई घेणार."

त्यांचं खरं निघालं. कोणीच घेईना. हेमांगीनेसुद्धा आधी घेतलेली निळी साडी संध्याकाळी परत आणून दिली, म्हणाली, "काका, रागवू नका, सासूबाईंना चालत नाहीये." जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दर आठवड्याला खालून ओरडत जाते. तिला एकदा वर बोलावलंही, पण ती जिना चढेपर्यंत माझा विचार फिरला. तुझ्या आईच्या साड्यांवर एक पातेलं घ्यायचं आणि त्यात रोज दूध तापवायचं, हे मला जमलं नसतं. तिला पाणी देऊन परत पाठवलं. ती बडबडत गेली. गाठोडी परत आत आली.

वाट सरोजवहिनींनीच काढली. एके दिवशी दुपारी त्या हळदीकुंकवाची कोयरी आणि अत्तरदाणी घेऊन आल्या, मागे दोन्ही मजल्यांवरच्या बायका, समोरच्या बिल्डिंगमधल्याही काही. मी म्हटलं, "आषाढात कसलं हळदीकुंकू?" त्या म्हणाल्या, "तिने तिच्या हाताने दिलं की ते वाण. मग कोण काय बोलतंय बघू. तुम्ही बाहेर बसा, हे बायकांचं आहे." मी जिन्यावर बसलो. दार अर्धं उघडं होतं.

वहिनींनी आईला कुंकू लावलं आणि कोयरी तिच्या हातात दिली. क्षिप्रा, ती चुकली नाही. आधी हळद, मग कुंकू, मग मनगटाच्या मागे अत्तर. पुढची बाई आपोआप पुढे सरकायची आणि आईचं बोट आपोआप कोयरीत जायचं. एकदाच थांबली. अंगावर गाऊन होता, आणि तिचा हात पुन्हा पुन्हा खांद्यावर पदर शोधत होता. हेमांगीने ती करडी साडी आणून तिच्या दोन्ही खांद्यांवरून घातली तेव्हा पुढे सुरू झाली. प्रत्येकीला साडी देताना म्हणत होती, "घे गं, लाजू नकोस." वहिनींचं तोंड अर्थातच चालू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या समीक्षाला मोहरी रंगाची साडी मिळाली तर म्हणतात, "ही तुला? पिठल्यात पडल्यासारखी दिसशील." सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, सगळ्या हसल्या म्हणून. निळी हेमांगीलाच गेली आणि तिच्या सासूबाई समोर बसून बघत होत्या. बारशाची गुलाबी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका नव्या सुनेला गेली, तिचं नाव मला माहीत नाही. शालू फाटला होता, तो कोणाला देता येणार नव्हता. तो वहिनींनी स्वतः मागून घेतला. काठ काढून देवाच्या आसनाला लावणार आहेत. तो तुझ्यासाठी ठेवायला हवा होता का, हे मला ठरवता आलं नाही. ठेवला नाही.

तुझ्यासाठी एकच ठेवली. ती ह्या पत्राखाली खोक्यात आहे. हिरवं इरकल. कॉलेजच्या साडी डेला तू ते नेसून गेली होतीस आणि मैत्रिणीच्या स्कूटरच्या स्टँडमध्ये अडकवून फाडून आणलं होतंस. तू ते घडीत आत दुमडून कपाटात ठेवलंस आणि पुढे महिनाभर आईशी फार गोड वागत होतीस. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिने रफू करून आणलं आणि मला म्हणाली, "तिला सांगू नका. इतकी गोड वागतेय, वागू दे थोडे दिवस." तू उजेडात धरलंस तर रफू दिसेल. नाहीतर दिसत नाही.

आता गाऊनचं सांगतो. ते सांगायचं टाळत आलो आहे.

मागच्या वर्षी आईला साडी नेसता येईनाशी झाली, तेव्हा मी शिकलो. हेमांगीने दाराच्या कडीला चादर बांधून शिकवलं. मला निऱ्या लवकर जमल्या. जन्म ड्रॉईंग ऑफिसात गेला, सारखी रुंदी हाताला माहीत होती. आई तेव्हा अधूनमधून भानावर यायची. एकदा आरशात बघून म्हणाली, "ह्यांनी पट्टी लावून घातल्यात वाटतं." रोज सकाळी ती हात जरा वर करून उभी राहायची आणि मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून निऱ्यांची टोकं सारखी करायचो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही रोज असे समोरासमोर कधी नव्हतो. मी निघायचो तेव्हा ती शाळेत असायची, ती यायची तेव्हा मी कंपनीत. ते महिने चांगले गेले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

होळीच्या सुमारास एका सकाळी तिने पदर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि भिंतीला जाऊन टेकली. म्हणाली, "तुम्ही कोण? बाहेर व्हा." मला आधी वाटलं, चिडली आहे. चिडलेली नव्हती. घाबरली होती. म्हणाली, "माझे मिस्टर येतील आता." मी म्हटलं, "उत्तरा, मीच आहे. विश्राम." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली, "असं बोलू नका. तुम्ही चांगल्या घरातले दिसता." मी बाहेर आलो. हेमांगीला हाक मारली. त्या दिवसापासून साडी बंद केली. गाऊन पटकन होतो, हात कमी लागतो. एवढाच विचार होता.

मे महिन्यात तू होतीस तेव्हा तिची अंघोळ, कपडे, सगळं तू केलंस. तिला काही त्रास झाला नाही, म्हणून तुला ते दिसलं नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो, तुला वाटलं तुम्हाला जागा व्हावी म्हणून. निघायच्या दिवशी रिक्षा खाली उभी असताना तू माझा हात धरून म्हणालीस, "बाबा, आईला कुठेही पाठवायचं नाही. प्रॉमिस करा." सौमित्रराव तुला चल म्हणत होते आणि तू हात सोडत नव्हतीस. मी हो म्हटलं.

तू गेल्यावर आईला सांभाळायला बाया ठेवल्या. एक गावी गेली ती आली नाही, दुसरीला आईने ओरबाडलं. तिसरी चांगली आहे, टिकली आहे, पण ती असतानाही आई माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारते, "हे इथेच राहतात? रात्रीसुद्धा?" मी घरात वावरलो की ती खोलीची कडी लावून घेते. एकदा आतून उघडता येईना, सुतार बोलवावा लागला, तोवर ती दाराआड रडत होती आणि मी बाहेरून बोललो की जास्त रडायची. आपणच घराबाहेर राहावं असंही मनात आलं, हेमांगीकडे एक खोली रिकामी आहे. एक दिवस तसं केलं. तर ती दिवसभर दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "आमचे हे दिसले का?" मी जिना चढून आलो, तर मला बघून दार लावलं.

तिच्या बाजूने बघ, क्षिप्रा. ती पदराला पिन लावल्याशिवाय वर्गात कधी गेली नाही. आता तिच्या घरात एक अनोळखी पुरुष राहतो. नवरा येतच नाही आणि हा जात नाही. बाई सुट्टीवर असली की तो तिच्या अंगावरच्या कपड्यांना हात लावतो. तिला तसं दिसतं, आणि तिला जे दिसतं त्यातच ती राहते. त्याला घरातून काढायची तिच्यात ताकद नाही. मग कोणीतरी ते तिच्यासाठी करायला हवं.

खडवलीला नदीपासून थोडं आत एक घर आहे, फक्त बायकांसाठी. चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच. तिथे साडी चालत नाही, पायात अडकते. गाऊन हवेत, प्रत्येकावर नाव शिवलेलं. नावं हेमांगीने शिवली. येत्या गुरुवारी मी आईला तिथे पोहोचवणार आहे. तुला दिलेला शब्द मोडतो आहे, म्हणून हे पत्र. रागावणार असशील तर रागव, पण थांबवू नकोस. कपाट रिकामं का केलं, तेही आता तुला कळेल. साड्या घरात राहिल्या असत्या तर आठवडाभरात मी तिला परत घेऊन आलो असतो. मागच्या आठवड्यात तिला ती जागा दाखवायला नेलं होतं. तिथल्या मुलींनी तिचे केस विंचरून दिले, ती निमूट बसली. मग ओसरीवरच्या बाकावर येऊन टेकली. मी दुसऱ्या टोकाला बसलो. तिने माझ्याकडे बघितलं. घाबरली नाही. उलट मला नीट बसता यावं म्हणून जरा सरकली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कोणाला भेटायला आलात?" मी म्हटलं, "बायकोला." "बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "हो. आज बरी आहे." तिने गाऊन गुडघ्यांवर सारखा केला. मग म्हणाली, "येत जा हो. लोक आणून सोडतात आणि मग येत नाहीत. तुम्ही येत जा."

तुझाच,
बाबा